ऑक्टाव्हिया आरएस दिली, स्विफ्ट घेतली

सात वर्षं माझ्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस होती. 2017ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, 230 पीएस ताकद, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एक्स्प्रेसवेवर पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटायची. त्या गाडीवर माझा फार जीव होता, अजूनही आहे. पण रोजचा रस्ता कोथरूड ते शिवाजीनगर, तिथे ती ताकद वापरायची कुठे? त्यातच लेक अठराची झाली. गाडी शिकायची ती मॅन्युअलवरच, हे माझं पक्कं मत. म्हणून पाच गिअरची स्विफ्ट ठरवली. 1.2 लिटर, 82 पीएस.

शोरूमने एक्स्चेंजमध्ये सांगितलेली किंमत मनाला पटेना, म्हणून बाहेर विकायचं ठरवलं. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढून बघते तर त्यावर बँकेचं नाव तसंच! कर्ज फिटून दोन वर्षं झाली होती, पण बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायचा राहूनच गेला होता. बँकेने तेव्हा दिलेल्या एनओसीची, म्हणजे ना हरकत पत्राची, मुदतही संपलेली. बँकेतून नवीन एनओसी आणली, फॉर्म 35 भरला आणि आरटीओत बोजा उतरवून घेतला. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी आजच आरसी उघडून बघा.

पहिला गिऱ्हाईक म्हणून जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आला. पैसे चांगले देत होता, पण मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30वर कोऱ्या सह्या मागत होता. 'ट्रान्सफर आम्ही करून घेऊ, मॅडम.' मी नाही म्हटलं. 1 एप्रिल 2023पासून अधिकृत व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतली की आरटीओला ऑनलाइन कळवावं लागतं. याच्याकडे तशी नोंदणीच नव्हती. आरसीवर नाव आपलं असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही आपलीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये स्पष्ट केलंय. दहा-वीस हजार जास्त मिळतात म्हणून हा धोका कोणीही पत्करू नये.

शेवटी सातारा रस्त्यावरचा एक तरुण आला. बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसता इंजिन ऐकत उभा राहिला. त्याच क्षणी माझं ठरलं. फॉर्म दोघांनी समोरासमोर बसून भरले, आणि एमपरिवहन या सरकारी ॲपवर त्याचं नाव दिसेपर्यंत मी रोज सकाळी बघत होते. फास्टॅग बंद केला. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र घेतलं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माझा 50 टक्के होता, तो स्विफ्टच्या विम्यात वळता झाला. पुष्कळ जण हे पैसे सोडून देतात.

स्विफ्ट घरी आणताना पहिल्याच सिग्नलला बंद पडली. सात वर्षं डाव्या पायाला कामच नव्हतं. लाल दिवा दिसल्यावर सवयीने नुसता ब्रेक दाबला, क्लच विसरले, गाडी दोन हिसके देऊन थांबली. पहिला आठवडा पोटरी दुखायची. नंतर एका सकाळी लक्षात आलं, की चढावर हाफ क्लचला बॉनेट किंचित उचलतं तो क्षण पाय आपोआप ओळखतोय.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन पसरणी घाट चढले. आरएस हा घाट कशी चढायची ते आठवत होतं, आणि त्या ओढीची उणीव मला भासली. स्विफ्टमध्ये वळणाआधीच दुसरा गिअर टाकावा लागतो, नाहीतर वळण संपताना इंजिन गुदमरतं. नऊशे किलोच्या आसपासची गाडी, हलक्या हाताने वळते. चढ असेल तसा दुसरा, तिसरा, परत दुसरा. प्रत्येक वेळी मी आणि इंजिन एकमेकांचं ऐकत होतो. हे मला आरएसमध्ये मिळत नव्हतं.

पाचगणीच्या अलीकडे थोडा सपाट रस्ता लागला. लेक खिडकीबाहेर बघत होती. इंजिनाचा आवाज चढला तशी मान न वळवताच म्हणाली, "आई, आता तिसरा."