सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या मराठी घरांमध्ये बायका एकमेकींच्या दुखण्यांची चौकशी मोकळेपणाने करतात. गुडघे, रक्तदाब, साखर, थायरॉइड यांविषयी हळदीकुंकवाला हमखास बोलणे निघते. मात्र एखादीची झोप उडाली आहे, स्वयंपाकात तिचे लक्ष नाही, नातवंडे आली तरी तिला बरे वाटत नाही, हे सर्वांना दिसत असूनही त्याला आजार म्हणावे असे कोणाला सुचत नाही.

याचे कारण केवळ लाज आहे, असे मला वाटत नाही. नैराश्य पुष्कळदा शरीराच्या तक्रारींच्या रूपाने येते: डोके जड होणे, पाठ दुखणे, छातीत धडधडणे, जीव घाबरा होणे. त्या खऱ्याच असतात, म्हणून ती स्त्री आधी फिजिशियनकडे, मग हाडांच्या डॉक्टरांकडे जाते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासणे योग्यच, कारण त्यांच्या कमतरतेतही थकवा आणि मरगळ येते. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरच्यांना हायसे वाटते आणि चौकशी तिथेच थांबते. आपण उगाच कुरकुर करतो, ही टोचणी तेवढी तिच्या वाट्याला उरते. खरे म्हणजे त्याच वेळी पुढचा प्रश्न विचारायला हवा: दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास आहे का, कशातच गोडी उरलेली नाही का, आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे का? उत्तर होकारार्थी असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

बाळंतिणीबाबत मला अधिक काळजी वाटते. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, मालिश यांत आपण काही कमी पडू देत नाही. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे अनेकींना अनुभवास येते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. ते त्यापुढे टिकले, तर दृष्ट काढून भागणार नाही. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तितकीही वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

नैराश्यावरील नेहमीच्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि दुर्दैवाने याच काळात "काही फरक नाही" म्हणून ती सोडून दिली जातात. डॉक्टरांना न विचारता ती एकाएकी बंद करणे त्रासदायक ठरते. कोठे जावे हेच कळत नसेल, तर 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून तो विनामूल्य आहे.

आणखी एक भीती विवाहित स्त्रिया क्वचितच बोलून दाखवतात: कागदावर आजाराचे नाव आले की सासरची माणसे त्याचा उपयोग करतील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याबाबत स्पष्ट आहे. केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणाला विकल मनाची, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्वतःचे भले-बुरे ठरवण्यास असमर्थ, ठरवता येत नाही. तो निर्णय सक्षम न्यायालयाचा असतो. शिवाय प्रत्येक प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी व्यक्ती, नेमता येतो. ती व्यक्ती नवरा किंवा सासू असलीच पाहिजे असे बंधन नाही. प्रौढ, सक्षम आणि लेखी संमती देणारी बहीण किंवा मैत्रीणही चालते.