तुम्ही विचारलंत म्हणून: छापणाऱ्याचं नाव

‘इतकी वर्षं दुसऱ्यांची चित्रं छापलीत, त्यात तुमचं नाव कुठे असतं?’ मुद्राचित्रांच्या, म्हणजे प्लेटवरून किंवा दगडावरून छापलेल्या चित्रांच्या, प्रदर्शनात मला हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीवही असते.

असतं की. उजवीकडे चित्रकाराची पेन्सिलीतली सही, डावीकडे ७/२५ असा आकडा, म्हणजे पंचवीसपैकी सातवा छाप, आणि खाली कोपऱ्यात बिनशाईचा, नुसता उठावाचा ठसा. कागद दिव्याखाली तिरका धरलात तर दिसेल. तो माझा. अमेरिकन चित्रकार जून वेन यांनी १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये टॅमरिंड ही लिथोग्राफीची, म्हणजे दगडावरून छपाईची, कार्यशाळा काढली, तीच मुळी चित्रकारांसोबत काम करणारे छपाईकार घडवायला. टॅमरिंडच्या छापांवरही असे ठसे उमटतात.

पण ठशाचं सोडा. एका ज्येष्ठ चित्रकाराची, चित्र कोरलेली जस्ताची प्लेट पहिल्यांदा हाती आली, तेव्हा रेषांत शाई भरून मी ती वरून लख्ख पुसली. आधी जाळीदार कापडाने, मग तळहाताला खडूची पूड लावून. छाप बघून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘अरे, पावसाळी आभाळ होतं ते. तू ऊन पाडलंस.’ शाईचा पुसटसा थर प्लेटवर राखायला हवा होता. ढग म्हणजे तोच. किती राखायचा, हे चित्रकारालाही धड सांगता येत नाही. सात-आठ छाप वाया जातात, मग एकदा ‘हा!’ म्हणतो. तो छाप भिंतीला टाचायचा आणि पंचवीसच्या पंचवीस त्याबरहुकूम काढायचे.

आणि छापणारा म्हणजे नुसते हात, असंही नाही. पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार हेटर यांच्या ‘आतलिये १७’ या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी आणि आपल्या मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकलेले कायको मोती हे मुद्राचित्रकार, असे सगळे एकाच प्लेटवरून अनेक रंग छापायची एकत्र खटपट करत होते. कमी-जास्त खोलीची एकच प्लेट. कडक रोलरने वरच्या भागावर तेलकट, पातळ शाई द्यायची, मग मऊ रोलरने खोलगट भागात घट्ट शाई. घट्ट शाई तेलकट शाईवर बसतच नाही, त्यामुळे रंग एकमेकांत न कालवता एकाच दाबात छापून निघतात. यात कुणाचा वाटा किती, कसं मोजणार? रेड्डींनी पुढे न्यूयॉर्कमध्येही हे शिकवलं.

मी विद्यार्थ्यांना पहिले पंधरा दिवस फक्त प्लेट पुसायला लावतो. कुरकुरतात बिचारे. परवा एका पाहुण्या चित्रकाराची प्लेट पुसताना एका मुलीचा हात थांबला. ‘सर, इथे थोडी राहू देऊ?’

म्हटलं, ‘मला काय विचारतेस? ते बसलेत ना, त्यांना विचार.’