दोन दिवसांचा सॅमन हंगाम

हाफ मून बे, कॅलिफोर्निया. मे २०२५.

गेल्या आठवड्यापासून इथला वायव्येचा वारा पडलेला नाही. पहाटे पिलर पॉइंट बंदराच्या धक्क्यावर गेले तर पाणी निवांत असते. दहाच्या सुमारास बाहेर लाटांच्या माथ्यावर फेस दिसू लागतो आणि दुपारपर्यंत लहान होड्या दगडी बांधाच्या आत परतलेल्या असतात. हा वारा किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी खोलातले गार, पोषक पाणी वर येते. त्यामुळे मे महिन्यातही समुद्र दहा-बारा अंश सेल्सिअसवरच असतो. अलिबागच्या कोमट पाण्यात पोहायला शिकलेल्या मला ते अजूनही सोसत नाही. पण याच गार पाण्यावर क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि अँचोवी हे छोटे मासे पोसले जातात आणि त्यांच्या मागोमाग सॅमन किनाऱ्याजवळ येतो.

त्या सॅमनच्या हंगामाची इथे सध्या सगळे वाट पाहत आहेत. हौशी मासेमारांसाठी तो ७ आणि ८ जून या दोनच दिवशी उघडणार आहे. संपूर्ण उन्हाळ्यासाठी चिनूक या सॅमनच्या जातीचे ७,००० मासे, अशी मर्यादा आहे. त्या दोन दिवसांत ती गाठली गेली नाही, तरच पुढचे काही ठरावीक दिवस मिळतील. २०२३ आणि २०२४ मध्ये तर समुद्रातली सॅमन मासेमारी पूर्ण बंद होती. पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांना मात्र यंदाही, सलग तिसऱ्या वर्षी, परवानगी नाही.

आपल्याकडे पुस्तकांतून ‘इंडियन सॅमन’ म्हटला जाणारा रावस सॅमनच्या कुळातला नाही. इथला चिनूक नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि बहुधा तिसऱ्या वर्षी अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या नदीत शिरतो. म्हणजे यंदा पकडण्याजोगा झालेला मासा २०२२ च्या शरद ऋतूत घातलेल्या अंड्यांतून आलेला आहे आणि ते दुष्काळाचे वर्ष होते. नद्यांचे पाणी आटले, तापले, आणि तापलेल्या पाण्यात अंडी जगत नाहीत. सॅक्रामेंटो नदीच्या शरद ऋतूतील चिनूकचा यंदाचा अंदाज सुमारे १,६५,००० माशांचा आहे. कधीकाळी हाच आकडा दहा लाखांच्या घरात असे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नाखवा होडी शाकारून ठेवतो, कारण मासा समोरच्याच पाण्यात प्रजनन करत असतो. इथे मासा अंडी घालतो शेकडो किलोमीटर आत, धरणांच्या पायथ्याशी. समुद्रावरची बंदी मला मान्य आहे, पण दुखणे नदीत असताना उपास फक्त धक्क्यावरच्या माणसांना घडतो, याचे मला फार वाईट वाटते.

माझी खरी काळजी मात्र त्या दोन दिवसांची आहे. इथे लाटेची नुसती उंची कोणी सांगत नाही, दोन लाटांमधले सेकंदही सांगतात. सहा फुटांची लाट चौदा सेकंदांनी येत असेल तर होडी तिच्यावरून सावकाश चढते-उतरते. तीच आठ सेकंदांनी आली तर होडी सावरेपर्यंत पुढची लाट येऊन धडकते. हंगाम लांब असता तर अशा दिवशी माणूस घरी बसला असता, पण दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळालेला शनिवार-रविवार सोडवत नाही. तारखा कागदावर ठरतात, वारा कागद पाहत नाही.

आम्ही एका ओळखीच्या होडीवर चार जागा राखल्या आहेत. उलटा काटा नसलेले गळ घेऊन झाले आहेत आणि हिरड्या पाहायला मुलगी शिकली आहे: दातांभोवती काळ्या असतील तर चिनूक, पांढुरक्या असतील तर कोहो ही सॅमनची दुसरी जात, आणि तो लगेच सोडून द्यायचा. प्रत्येकाला दोन माशांची मुभा आहे. निघायचे की नाही, हे ६ जूनच्या रात्री समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयाचे आकडे पाहून तांडेल ठरवेल, आणि तो नाही म्हणाला तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही.