नळी काढताना ठसका टाळण्यासाठी मी काय करतो

हर्नियाची जाळी बसवून झाली, आणि नेमका तेव्हाच पेशंटला भुलेसाठी श्वासनलिकेत घातलेल्या नळीवर ठसका लागला, तर सगळा जोर ताज्या टाक्यांवर येतो. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर त्यानेच मानेत रक्त साचू शकतं. कोकणात बिडी ओढणारे पेशंट बरेच, वर पावसाळ्यातली सर्दी. ठरवून करायचं ऑपरेशन सर्दी असताना पुढे ढकलणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

माझी तयारी कातडीच्या टाक्यांआधीच सुरू होते. भूल खोल असतानाच घशातली लाळ सक्शनने काढतो. पेशंटची भूल हलकी झाल्यावर घशात सक्शन घातलं की ठसका आपणच ओढवून घेतो. अर्धवट शुद्धीत तर स्वरयंत्रच आवळतं. कफचा (नळीच्या टोकाजवळच्या हवेच्या फुग्याचा) दाब २० ते ३० सेंमी पाणी ठेवतो, तोही मोजून. बोटांनी फुगा चाचपून केलेला अंदाज फसतो. नायट्रस (भुलेचा वायू) चालू असेल तर तो कफमध्ये शिरून दाब वाढवतो, म्हणून पुन्हा मोजावं लागतं.

औषधांत माझा भर शिरेतून दिलेल्या लिग्नोकेनवर (एरवी बधिरतेसाठी वापरतात ते औषध): किलोला १ ते १.५ मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं ४.५ मिलि म्हणजे ९० मिग्रॅ. नळी काढण्याआधी एक-दोन मिनिटं, हळूहळू. फार आधी दिलं तर ऐनवेळी असर ओसरलेला असतो. सर्जनने जखमेत बधिरतेचं औषध टोचलं असेल तर तेही हिशेबात धरायचं. दुसरं औषध डेक्समेडेटोमिडिन, हे गुंगी आणणारं: किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, दहा मिनिटांत. ठसका छान दबतो, पण नाडी मंदावते आणि जाग उशिरा येते. ऑपरेशनांची यादी लांब असेल त्या दिवशी मी ते टाळतो.

स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा उतारा पूर्ण हवा, टीओएफ गुणोत्तर (मज्जातंतूला चार झटके देऊन स्नायूंची ताकद किती परतली ते मोजतात) किमान ०.९. मग हात लावायचा नाही, नळी हलवायची नाही, फक्त हाक: "काका, डोळे उघडा." डोळे उघडले, सांगितलेलं ऐकलं, श्वास भरपूर आहे, की फुप्फुसं फुगवून कफ रिकामा करतो आणि नळी बाहेर.

खोल भुलेतच नळी काढली तर ठसका कमी, हे खरं. पण दुपारी भात-आमटी खाऊन रात्री अपेंडिक्ससाठी आलेल्याला, स्थूल माणसाला किंवा नळी घालतानाच त्रास झाला असेल तिथे ती वाट नाही.

नळी निघाल्यावरचा एखाददुसरा खोकला चालतो. तेव्हा टाक्यांवर उशी दाबून धरायला मात्र आदल्या दिवशीच शिकवलेलं असावं.