डीएसपीचा लेआउट तासाभरात झाला, नेटवर्कवाल्यांनी मात्र रडवलं (माझा अनुभव)

एका मोठ्या मीटिंग हॉलचं डीएसपीचं (माईकचा आवाज नीट करून स्पीकरकडे आणि कॉलवर पाठवणारा डबा) काम नुकतंच हातावेगळं केलंय आणि डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय. ज्यांना असं काम पहिल्यांदाच करायचंय त्यांना उपयोग होईल.

लेआउट, म्हणजे त्या डब्यात आवाज कुठून कुठे जाईल याचा नकाशा, बनवण्याची भीती बाळगू नका. सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे माईकचे इनपुट, उजवीकडे आउटपुट, मधे हायपास (खालची घरघर कापणारा), ईक्यू (आवाजाचा पोत सुधारणारा), ऑटोमिक्सर (जो बोलतोय त्याचाच माईक पुढे आणणारा), मॅट्रिक्स (कोणता आवाज कुठे जाईल ते ठरवणारा) हे ब्लॉक ठेवायचे आणि वायरी ओढायच्या. डबा समोर नसला तरी ऑफलाईन सगळं होतं. जपायची जागा म्हणजे इको कॅन्सलर, कॉलवरच्या माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येऊ न देणारा ब्लॉक. त्याच्या रेफरन्सला (कोणता आवाज पुसायचा त्याचा नमुना) फक्त कॉलवरून येणारा आवाज द्या, हॉलमधल्या माईकचा मिक्स तिथे गेला की तो आपल्याच बोलणाऱ्या माणसाचा आवाज खायला लागतो. आणि कॉलवर जाणाऱ्या मिक्समध्ये कॉलचाच आवाज परत जाता कामा नये, मॅट्रिक्समधला तेवढा क्रॉसपॉइंट (त्या इनपुटची त्या आउटपुटशी जोडणी) बंद ठेवायचा. एवढं नीट केलं की निम्मं काम झालं.

आता खरा त्रास. हॉलमधले माईक एका स्टेजबॉक्सला (माईकच्या वायरी लावायचा डबा) होते, तो बॉक्स आणि रॅकमधला डीएसपी यांच्यात ऑडिओ डांटेवरून (नेटवर्कच्या केबलमधून आवाज नेण्याची पद्धत), आणि स्विच त्या ऑफिसच्या आयटी विभागाचा. पोर्ट चालू करून घ्यायला फॉर्म. फॉर्ममध्ये विचारलंय ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, अँटिव्हायरसची आवृत्ती कोणती, वापरणाऱ्याचं लॉगिन काय. डीएसपीत अँटिव्हायरस नसतो, टाकताही येत नाही. मी "लागू नाही" लिहिलं तर फॉर्म "अपूर्ण" म्हणून परत. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. कॉम्प्युटरसाठी बनवलेला फॉर्म ऑडिओच्या डब्याला लावायचा आणि वर आपल्यालाच थांबवून ठेवायचं, ह्याचा मला आजही राग येतो.

शेवटी पोर्ट मिळाले. लेआउट कंपाईल केला, लोड केला, ऑनलाईन गेले, सगळं हिरवं, आवाजाची पातळी दाखवणारे मीटर नाचतायत, माईकवर बोलले तर स्पीकरमधून सुंदर आवाज. मंडळी खूश. आणि चारेक मिनिटांनी आवाजात टिकटिक सुरू, मग तुटक तुटक, मग गप्प. सॉफ्टवेअरमध्ये मात्र अजून सगळं हिरवंच! स्विच रीस्टार्ट केला की परत छान चालायचं आणि थोड्या वेळाने परत तेच.

आयटीवाल्यांचं उत्तर ठरलेलं, "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे, पिंग जातोय, तुमच्या प्रोग्राममध्येच बघा." अहो पिंग जाणारच, पिंग युनिकास्ट आहे, म्हणजे एकाकडून एकालाच, मल्टिकास्टचं, म्हणजे एकाकडून एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या डेटाचं, काय होतंय हे पिंगवरून कसं कळणार?

इथे मला वाचवलं लेआउटमधल्या मीटरांनी. माझी सवय आहे, प्रत्येक टप्प्यानंतर एक मीटर टाकतेच, म्हणजे नेटवर्क इनपुटच्या लगेच पुढे एक, ईक्यूनंतर एक, ऑटोमिक्सरनंतर एक. लोक म्हणतात पसारा होतो. होऊ दे. आवाज गेला तेव्हा डीएसपीला थेट जोडलेल्या माईकचा मीटर मस्त हलत होता आणि तो आवाज स्पीकरपर्यंत जातही होता, पण नेटवर्क इनपुटनंतरचा मीटर पार तळाला. म्हणजे ब्लॉक, वायरी, मॅट्रिक्स, सगळं निर्दोष, आवाज डीएसपीत शिरतच नाहीये. मग डांटे कंट्रोलरमध्ये क्लॉक स्टेटसचं पान उघडलं तर एकाच नेटवर्कवर दोन-दोन लीडर, म्हणजे बाकीच्या डब्यांना क्लॉक (वेळेचा ठेका) देणारे! एकच असायला हवा. स्टेजबॉक्स आणि डीएसपी दोघांनाही एकमेकांची क्लॉक ऐकूच येत नव्हती, म्हणून दोघेही आपापल्या क्लॉकवर चालत होते.

मग मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. स्विच रीस्टार्ट केल्यापासून मोजलं तर दर वेळी चार मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास गडबड सुरू. म्हणजे २६० सेकंद. आयजीएमपीची (कोणता मल्टिकास्ट कोणाला हवाय हे नेटवर्कला कळवण्याची पद्धत) टायमिंग माहीत असेल त्याला हा आकडा लगेच ओळखू येईल, १२५ सेकंदांनी विचारणा, ती दोनदा, वर उत्तरासाठी १० सेकंद. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (ज्या पोर्टने मागितलाय त्यालाच मल्टिकास्ट पाठवायचा) चालू होतं पण क्वेरिअर कुठेच नव्हता. क्वेरिअरचं काम म्हणजे ठराविक वेळाने विचारत राहणं, हा मल्टिकास्ट अजून कोणाला हवाय का. विचारणाराच नाही तर उत्तर कोण देणार, आणि उत्तर आलं नाही की २६० सेकंदांनी स्विच त्या पोर्टचं नाव यादीतून काढून टाकतो. डांटेची क्लॉक २२४.०.१.१२९ वगैरे पत्त्यांवरून जाते, ती बंद झाली. डिव्हाइस शोधण्याचं काम २२४.०.०.२५१ वरून होतं, त्या गटातले पत्ते स्नूपिंग अडवत नाही, म्हणून स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत राहिलं. हे कळलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

पण मला कळून काय उपयोग! क्वेरिअर चालू करायला "चेंज रिक्वेस्ट टाका, मंजुरी लागेल". परत वाट बघणं. मग मी माझा छोटा साधा स्विच आणला, ज्यात स्नूपिंगच नाही, स्टेजबॉक्स आणि डीएसपी दोन्ही त्यावर लावले आणि दुपारभर हॉल चालवून दाखवला. एकदाही खंड नाही. मीटरचे आणि दोन लीडरचे स्क्रीनशॉट मेल केले, खाली लिहिलं की २६० सेकंद मोजून बघा. त्यांच्यातल्या एका मुलाने खरंच मोजलं, आणि क्वेरिअर त्याने काही मिनिटांत चालू केला. त्या मुलाचे मनापासून आभार.

म्हणून सांगते, वायर ओढायला बसण्याआधी नेटवर्कचं लेखी मागा. स्नूपिंग असेल तर क्वेरिअर हवाच, पोर्टवरचं एनर्जी एफिशियंट इथरनेट (वीज वाचवायची सोय) बंद हवं, आणि क्यूओएसमध्ये (कोणता डेटा आधी जाऊ द्यायचा ती व्यवस्था) डीएससीपी, म्हणजे डेटावरचा प्राधान्याचा आकडा, ५६ क्लॉकला, ४६ ऑडिओला. तोंडी "हो हो" वर अजिबात विसंबू नका. आणि टेस्टिंग करताना नुसतं हॅलो हॅलो करून निघू नका, निदान पंधरा-वीस मिनिटं आवाज सलग चालू ठेवा.

अरे हो, मागच्या स्पीकरच्या डिलेचं राहिलंच. पुढच्या स्पीकरचा आवाज मागे उशिरा पोचतो, म्हणून मागचा स्पीकरही तेवढाच उशिरा वाजवायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर अंतराला २.९ मिलिसेकंद धरा, पुढच्या स्पीकरपासून १० मीटर मागे असेल तर २९. त्यात अजून थोडे मिलिसेकंद वाढवले की आवाज पुढूनच येतोय असं वाटतं. पण शेवटी मागच्या खुर्चीवर बसून कानाने ठरवा.

लॅपटॉपवरून ऑनलाईन जाताना वायफाय बंद ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर भलत्याच नेटवर्क कार्डवर डबा शोधत बसतं. ऑनलाईन असताना फेडर, ईक्यू जे काही हलवलं ते फाईलमध्ये सेव्ह करूनच केबल काढा आणि फाईलची एक कॉपी क्लायंटला द्या. मीटर मात्र काम झाल्यावरही काढू नका, मी या हॉलच्या फाईलमध्ये सगळेच्या सगळे ठेवलेत.