त्यांची मिस्सा, आपली मिस्सा

रविवारी चर्चमध्ये आमच्या भाषेतल्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, आलेल्या एका परभाषिक बाईला आमच्यातल्या एका बाईंनी म्हटलेले एक वाक्य अजून मनातून जात नाही. "तुमच्या भाषेतली मिस्सा संध्याकाळी असते, तुम्हांला ती बरी पडेल." एवढेच. आवाज गोड होता, हात समोरच्या बाईच्या खांद्यावर होता आणि दिलेली माहितीही अचूक होती. कोणी रागावले नाही, कोणी कोणाला बाहेर काढले नाही. तरीही तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, आणि तो का नाही हे लिहिल्याशिवाय मला कळणार नाही.

ती बाई चुकून आलेली नव्हती. शेजारणीच्या पुस्तकातला आकडा पाहून तिने गीताचे पान काढले होते, आणि लिपी येत नसतानाही ती ओळींवरून बोट फिरवत सुरामागोमाग ओठ हलवत होती. कुठे उभे राहायचे, कुठे गुडघे टेकायचे, हे तिला कोणाकडे पाहावे लागले नाही. तिला कळत नव्हते ते फक्त शब्द. बाकी सगळे तिचे होतेच.

मी नंतर त्या बोलणाऱ्या बाईंशी बोलले. त्या मनापासून चकित झाल्या. "अगं, मी तिच्या सोयीचेच सांगितले ना!" आणि ते खोटे नाही. आजारी माणसाच्या घरी आधी पोहोचणाऱ्या त्याच असतात, हे मला ठाऊक आहे. शिवाय मातृभाषेतल्या मिस्सेचे मोल मला कोणी पटवून द्यायला नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ साली उपासनेत लॅटिनबरोबर लोकभाषांना वाट मोकळी केली म्हणूनच मी आज माझ्या भाषेत प्रार्थना करते. परक्या भाषेत पापनिवेदन करायची वेळ आली तर माझ्या तोंडून निम्मेसुद्धा बाहेर पडणार नाही. मग त्या वाक्यात खुपण्यासारखे काय आहे? आपण होऊन आपल्या भाषेच्या मिस्सेला जाणे वेगळे आणि कोणीतरी तिकडची वाट दाखवणे वेगळे, हे एक झाले. पण एवढ्याने माझे समाधान होत नाही.

घरी सांगितले तर "तू प्रत्येक गोष्टीचा कीस काढतेस" असे उत्तर मिळाले. मैत्रिणीने विषयच बदलला. कधी कधी फार एकटे वाटते. सगळ्यांच्या कानांवरून अलगद निघून जाणारी वाक्ये माझ्याच मनात का रुतून बसतात, आणि ती उपसत बसायचे काम माझ्याच वाट्याला का यावे, असा प्रश्न पडतो. आईचेही असेच होते. ते असो.

काल रात्री बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय पुन्हा वाचला. यापो गावात घराच्या धाब्यावर येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टान्त होतो, पाठोपाठ कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याकडची माणसे दाराशी येतात, आणि जन्मभर ज्यांच्या घरी पाऊल ठेवले नव्हते त्या परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, घरात तो जातो. देव पक्षपाती नाही, हे आपल्याला उमगले असे तो तिथे उभा राहून म्हणतो. मला हा भाग नेहमीच आवडतो. पण काल मन अडले ते पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर. तोच पेत्र, तो दृष्टान्त पाहिलेला पेत्र, अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असतो, आणि यरुशलेममधल्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही यहुदी मंडळी आल्यावर त्यांच्या भीतीने त्या पंगतीतून हळूहळू अंग काढून घेतो. त्याचे पाहून बाकीचे तसेच वागू लागतात, बर्णबासुद्धा. पौल हे त्याला सर्वांसमोर सुनावतो. पेत्राने त्या लोकांना वाईटसाईट बोलल्याचे कुठेही लिहिलेले नाही. तो फक्त दुसरीकडे जेवायला बसला. तेवढ्यावरून पौलाला तो शुभवर्तमानाचाच प्रश्न वाटला. माझ्या अस्वस्थतेचे मूळ इथेच कुठेतरी आहे. आदराने बोलूनही माणसाला पंगतीबाहेर ठेवता येते, आणि तसे ठेवणाऱ्याला आपण काही केले असे वाटतही नाही.

ख्रिस्तसभेच्या पुढच्या इतिहासातही हे पुन्हा पुन्हा दिसते. रोमच्या 'प्रोपागांडा फिदे' या धर्मप्रसार खात्याने १६५९ साली आशियात निघालेल्या धर्माधिकाऱ्यांना बजावले होते की, उघडपणे श्रद्धेच्या किंवा नीतीच्या विरुद्ध नसतील तर त्या लोकांच्या चालीरीती बदलायला लावू नका. फ्रान्स, स्पेन किंवा इटली उचलून चीनमध्ये नेऊन ठेवण्याइतके विसंगत दुसरे काही नाही. किती स्वच्छ विचार! आणि पुढची शंभर वर्षे पुरी व्हायच्या आत, १७४२ साली, पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी चिनी ख्रिस्ती लोकांच्या पूर्वजांना मान देण्याच्या विधींवरची बंदी कायम केली. ती सैल व्हायला १९३९ साल उजाडावे लागले. मधल्या पिढ्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांपुढे मस्तक झुकवायचे की नाही, हा पेच घरात कसा सोसला असेल, या विचाराने माझे मन अजूनही कळवळते. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि संस्कृतीपासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली तिथे जाऊन तिथल्या मूळ रहिवाशांची क्षमा मागितली, तेव्हाची त्यांची चाकांच्या खुर्चीतली छबी मी बराच वेळ पाहत राहिले होते. त्यावर आज लिहिणे नको.

व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या 'गावदियुम एत स्पेस' या दस्तऐवजातला एकोणतिसावा परिच्छेद मी पूर्वी कितीदा तरी वाचला असेन. मूलभूत हक्कांच्या बाबतीत माणसामाणसांत केलेला भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे, असे सांगताना तिथे वंश, वर्ण, स्त्री-पुरुष, सामाजिक स्थिती आणि धर्म यांच्याबरोबर भाषाही घातली आहे. त्या यादीत भाषा आहे याकडे आजवर माझे लक्ष गेले नव्हते. परिषदेच्या धर्मपित्यांनी ती घातली, याचा आज मला मोठा आधार वाटला.

लिहिता लिहिता राग ओसरला आहे. ते वाक्य बोललेल्या बाई पुढच्या रविवारीही त्याच बाकावर असतील, ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत आम्ही एकमेकींच्या मागेपुढे उभ्या असू, आणि ते तसेच असायला हवे. पौलाने पेत्राला सुनावल्यावरही ख्रिस्तसभा दोघांची राहिली. माझ्या मनाला लागते तसे सगळ्यांच्या मनाला लागलेच पाहिजे, हा हट्ट मी आता धरणार नाही. लागते ते लागते, आणि त्यातून जमेल तेवढे करावे.

फादरांशी बोलून झाले आहे. मिस्सेत भाविक सर्वांसाठी करतात त्या विश्वासूंच्या प्रार्थनांपैकी एक प्रार्थना त्या परभाषिक बाईच्या कुटुंबाच्या भाषेत म्हणावी, या सूचनेला त्यांनी लगेच होकार दिला. चर्चच्या समितीत कोणी वेळेचा प्रश्न काढलाच, तर एका प्रार्थनेला अर्धा मिनिटही लागत नाही, असे सांगता येईल. पण समितीपुढे विषय नेण्याआधी त्या बाईलाच विचारायला हवे. सगळ्यांसमोर उभे राहून वाचायला तिला आवडेल, की तिला नुसते शांतपणे बाकावर बसायचे आहे, हे तिने सांगायचे आहे. तिची भाषा मला येत नाही. तिच्या मुलाला आपली भाषा थोडी येते असे कळले आहे, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून करेन.