आखाजीचा लाल, संक्रांतीचा निळा

जळगावच्या एका तपासणी केंद्रात मी डेक्साचं, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारं, मशीन चालवते. टेबलावर झोपवण्याआधी प्रत्येकाची उंची मोजायची, हा माझा नेम. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून. "हाडं बघायला आलोय, उंची कशाला?" असं बरेच जण विचारतात. पण साठीपुढच्या बाईची उंची मागच्या वेळेपेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरली, तर मी तिथंच सावध होते. पाठीचा एखादा मणका दबलेला असू शकतो. असे दबलेले बहुतेक मणके कुणाच्या ध्यानातच येत नाहीत. वय झालं, कंबर धरते, म्हणून घरोघरी ते दुखणं अंगावर काढलं जातं.

अमळनेर तालुक्यातल्या त्या आजींची उंची जुन्या फाइलमध्ये १४९ सेंटिमीटर होती. त्या दिवशी १४६ भरली. पुन्हा मोजली, तेवढीच.

अडीच वर्षांपूर्वी ओट्यावरून घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं म्हणून हाडाच्या डॉक्टरांनी आमच्याकडे डेक्साला पाठवलं. खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण, निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.६ आला होता. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली, असं म्हणतात. हाडाची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली, आठवड्यातून एक. आता कापूस वेचणीच्या दिवसांत गाठोडं उचलताना पाठीत कळ आली आणि ती महिनाभर गेली नाही, म्हणून नातू त्यांना घेऊन आला होता.

"गोळी चालू आहे ना, आजी?" मी विचारलं.

उत्तर नातवानं दिलं. गोळी पावणेदोन वर्षांपासून बंद. का, तर हाडं भरली होती. त्यानं पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेले दोन रंगीत कागद काढले. आजींच्या उघड्या पाठीचे थर्मल कॅमेऱ्यानं, म्हणजे उष्णता रंगांत दाखवणाऱ्या कॅमेऱ्यानं, काढलेले फोटो. पहिल्यात पाठ लालभडक, दुसऱ्यात निळी. किरणांशिवाय हाडांची तपासणी, असं सांगून भरलेल्या एका शिबिरात ते काढले होते. लाल म्हणजे हाड झिजतंय, निळं म्हणजे झीज थांबली. दुसरा फोटो पाहून तिथल्या माणसानं सांगितलं, औषध लागू पडलं, आता गोळ्यांची गरज नाही.

"माय, फोटोम्हा ते हाडकं भरी गयात ना वं?" आजींनी विचारलं. "मंग पाठ आते बी का दुखस?"

त्यांच्या या प्रश्नाला मी तोंडदेखलं उत्तर देऊ शकले नसते. त्या गोळीचा जाच मला ठाऊक आहे. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. पहाटे उठल्या उठल्या चुलीवर चहा ठेवणाऱ्या बाईला तो अर्धा तास जड जातो. कुणी सांगितलं की आता नको, तर कोण खूश होणार नाही?

आधी माझं काम केलं. खुब्याची घनता ०.६३० वरून ०.५९० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरवर आली होती. सहा टक्क्यांहून जास्त घट. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी केली तरी आकड्यांत थोडा फरक पडतोच, पण आमच्या मशीनवर तो एवढा पडत नाही. ही घट खरी होती. कमरेचा आकडा मात्र मागच्यापेक्षा वर गेला होता! नुसता आकडा वाचणारा म्हणाला असता, मणके सुधारले. म्हणूनच मी प्रत्येक मणका वेगळा बघते. एल-वनची, म्हणजे कमरेच्या सर्वांत वरच्या मणक्याची, घनता शेजारच्या मणक्यांपेक्षा एकदम जास्त आणि क्षेत्रफळ कमी दिसत होतं. हाड दबून चेपलं की तेवढंच खनिज कमी जागेत येतं आणि आकडा फुगतो. बाजूनं प्रतिमा घेतली, तर एल-वन पुढून पाचरीसारखा बसलेला. तो मणका हिशेबातून वगळल्यावर कमरेचा आकडाही खाली आला.

आजी जाड उशीवर पाय ठेवून पडून होत्या, तेवढ्यात मी ते दोन कागद खिडकीपाशी नेले. नातू बरोबर आला. तो वीजवाहिन्यांच्या ठेकेदाराकडे वायरमन आहे, थर्मल कॅमेरा त्याच्या ओळखीचा. तापलेला जॉइंट, सैल झालेला क्लॅम्प ते त्यानंच शोधतात. म्हणूनच त्याचा या फोटोंवर विश्वास बसला होता.

मी त्याला फोटोच्या कडेची रंगपट्टी दाखवली. पहिल्यात खाली ३३ अंश, वर ३८. दुसऱ्यात खाली २२, वर ५२. म्हणजे पहिल्या फोटोतला लाल आणि दुसऱ्यातला निळा एकाच मापानं मोजलेले नव्हते. कॅमेरा आपोआप पट्टी ठरवतो, चौकटीतलं सर्वांत थंड ते सर्वांत गरम एवढ्यात सगळे रंग बसवतो. पण माणसाच्या अंगावर ५२ अंश कुठून येणार? आम्ही दोघं शोधत होतो आणि ते त्यालाच आधी दिसलं. दुसऱ्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी हातात गरम चहाचा ग्लास होता, पांढराशुभ्र दिसणारा. त्या एका ग्लासानं पट्टी वर ताणली आणि आजींची सबंध पाठ निळ्यात गेली.

"आणि पहिला फोटो आखाजीचा," तो हळूच म्हणाला. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. आत्या माहेरी आल्या होत्या, त्यांनीच आजींना शिबिराला नेलं होतं. आखाजीच्या सुमाराला आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, पत्र्याच्या हॉलमधली हवाच अंगाहून गरम असते. दुसरा फोटो संक्रांतीनंतरचा, थंडीतल्या सकाळचा. त्या दोन पाठींमध्ये फरक होता तो ऋतूचा.

मग मी त्याला उरलेलं सांगितलं. हा कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता टिपतो आणि ती येते फक्त कातडीवरून. मणका त्याच्या कितीतरी खाली, स्नायू आणि चरबीच्या आड. हाड झिजणं-भरणं चालूच असतं, मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग वर्षाकाठी नवा होतो. पण ते काम इतकं संथ असतं की त्याची ऊब कातडीवर वेगळी ओळखू येत नाही. कातडीचं तापमान ठरतं रक्तप्रवाहावर, पंख्यावर, चोळलेल्या तेलावर, नुकत्याच केलेल्या आंघोळीवर. नीट तपासणी करायची तर २०-२४ अंशांच्या खोलीत पाठ उघडी ठेवून पंधरा मिनिटं बसवावं लागतं. एवढं सांभाळूनही हाडात कॅल्शियम किती, हे त्या फोटोत उमटत नाही.

कॅमेऱ्याला मी नावं ठेवत नाही. मधुमेहींच्या पायाला तो खरोखर उपयोगी पडतो. दोन्ही तळव्यांच्या एकाच जागेत साधारण २.२ अंशांचा फरक टिकून राहिला तर जखम व्हायच्या आधी सावध होता येतं. तिथं एकाच माणसाचे दोन पाय एकाच खोलीत, एकाच वेळी तुलनेला असतात. "आम्हीपण तीन फेजचे जॉइंट शेजारीशेजारी ताडून बघतो," नातू म्हणाला. त्याला नेमकं कळलं होतं. मला राग येतो तो अशा कामाच्या यंत्राचा धाक दाखवून किंवा दिलासा देऊन म्हाताऱ्या बाईची गोळी थांबवणाऱ्यांचा. अलेंड्रोनेट हाडात काही काळ मुरून राहतं, म्हणून ते थांबवल्यावर लगेच काही होत नाही, आणि तोवर निळा फोटो खरा वाटत राहतो.

रिपोर्टवर सही झाल्यावर मी डॉक्टरांना स्वतः फोन केला. त्यांनी कॅल्शियम, किडनी आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्या लिहिल्या. ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली निघालं. एवढ्या उन्हाच्या मुलखात ही कमतरता बघून बाहेरचे डॉक्टर चकित होतात. पण आपल्या बायका शेतातही डोईवर पदर, लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून असतात, आणि भर उन्हाळ्यात दिवसा कुणी बाहेर थांबत नाही. आधी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, सोबत कॅल्शियम. ती पातळी सावरल्यावर गोळीऐवजी त्याच जातीच्या झोलेड्रॉनिक ॲसिडचं ५ मिलिग्रॅमचं सलाईन, वर्षातून एकदा. गोळीचा अर्ध्या तासाचा जाच त्यामुळे सुटला.

सलाईननंतर दुसऱ्या दिवशी नातवाचा घाबरा फोन आला. आजींना ताप, सगळं अंग ठणकतंय. पहिल्या सलाईननंतर अनेकांना असं होतं, दोन-तीन दिवसांत उतरतं, डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल द्या, पाणी भरपूर पाजा, असं मी सांगितलं. उतरला.

औषध लागू पडलं की नाही हे आता रक्तातल्या सीटीएक्सवरून कळतं. हाड झिजताना सुटणारा हा अंश, सकाळी उपाशीपोटी तपासायचा. सलाईनआधी तो बराच चढलेला होता, सहा महिन्यांनी निम्म्याच्याही खाली आला. नातवानं न्हाणीत धरायला दांडी बसवली आणि ओट्याच्या पायरीला खरबरीत फरशी लावली. पडणं टळणं औषधाइतकंच महत्त्वाचं, हे मी प्रत्येकाच्या घरच्यांना सांगते, करणारे थोडे.

पुढचा डेक्सा याच मशीनवर, त्याच खुब्याचा. आजींनी तो आखाजीच्या आधीच उरकायचं ठरवलंय, कारण लेकी आल्या की त्यांना घरातून पाय काढता येत नाही. त्यांच्या गल्लीतल्या दोघी जणी तेच रंगीत कागद घेऊन बरोबर येणार आहेत. उंचीच्या पट्टीपासूनच सुरुवात करू, असं मी कळवलंय.